कॅम्प स्टोव्हचा रेग्युलेटर सूं सूं करतोय, टाकून देऊ का दुरुस्त होईल?

पिठलंप्रेमी | रविवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. ट्रेकवाले आणि मेकॅनिकलवाले दोघांची मदत हवीये.

आमचा मेव्हणा अमेरिकेतून कायमचा परत आला तेव्हा त्याच्या सामानात एक दोन बर्नरचा कॅम्पिंगचा स्टोव्ह होता, सुटकेससारखा उघडतो, दोन्ही बाजूला पत्र्याचे पंख उभे राहतात वाऱ्याला आडोसा म्हणून. त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून तो आमच्या माळ्यावर आला (आमच्या फ्लॅटमध्ये जागा आहे हे कोणी ठरवलं तो वेगळा धागा होईल). तिकडे त्याला एक पौंडाची प्रोपेनची छोटी टाकी लागते, एक इंची आट्यांची. ती मला इथे कुठे मिळाली नाही आणि विमानातून आणायचा प्रश्नच नाही, म्हणून ऑनलाईन एक पितळी ॲडाप्टर मागवला. एका बाजूला तो एक इंची आटा, दुसऱ्या बाजूला आपल्याकडे ट्रेकिंगच्या दुकानात मिळतो तो स्क्रूवाला ४५० ग्रॅमचा कॅन. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. राजमाची, ताम्हिणी, दोनदा पवना.

काल पवनेच्या काठाला सकाळी चहा टाकायला गेलो, कॅन फिरवून बसवला आणि बारीक सूं असा आवाज. आधी वाटलं नेहमीसारखा क्षणभर येतो तसा येऊन थांबेल, पण थांबेचना. मग वास. बायको म्हणाली आत्ताच्या आत्ता काढ ते. काढला. सकाळी सात वाजता आठ माणसांनी कोरडी भेळ खाल्ली आणि त्यातल्या सात जणांनी मला त्यावरून ऐकवलं.

आता प्रश्न असा की नवीन रेग्युलेटर बाहेरून मागवायचा तर खर्च बऱ्यापैकी आणि यायला किती दिवस देव जाणे. धाकटा भाऊ म्हणतोय एम-सील लाव. काय करू?

तिखट_तर्री | रविवार, रात्री १०.३१

एम-सील लावाच. आणि पुढच्या ट्रेकला भावालाच चहा करायला सांगा, तुम्ही सगळे जरा लांब बसा, लोहगडावर वगैरे.

फिटरकाका | रविवार, रात्री ११.०५

पिठलंप्रेमी, काढलात ते उत्तम केलंत, निम्मे लोक "एवढा चहा होऊ दे" म्हणतात आणि तिथेच फसतात. भोसरीला मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढली आहेत, गॅसच्या लाइनी, कॉम्प्रेसर, सगळं हाताखालून गेलंय, त्यामुळे थोडं बोलतो.

"रेग्युलेटर लीक आहे" असं लोक म्हणतात तेव्हा दहातल्या निम्म्या वेळा रेग्युलेटर ठणठणीत असतो आणि जोड लीक असतो. तुमच्या सेटमध्ये जोड किती ते मोजा. कॅन आणि ॲडाप्टर एक, ॲडाप्टर आणि रेग्युलेटर दोन, रेग्युलेटर आणि स्टोव्ह तीन. शिवाय स्टोव्हच्या दोन चाव्यांच्या दांड्या, आणि रेग्युलेटरचं स्वतःचं अंग. गळती यातली कुठली ते कळल्याशिवाय पैसेही खर्च करू नका आणि एम-सीलही आणू नका. तुमच्या या प्रकारच्या रेग्युलेटरला स्वतःची चावी नसते, म्हणजे कॅन बसवला की स्टोव्हच्या चावीपर्यंत सगळं गॅसखाली आलं. टेस्टला ते सोयीचंच आहे, चाव्या बंद ठेवून एकेका जोडावर साबणाचा फेस लावायचा, गळत असेल तिथे फुगा येतो.

आधी एवढं सांगा: आवाज कॅन पूर्ण आवळल्यावर पण येत होता ना? चाव्या बंद होत्या का चालू? आणि जोडावर कुठे दव किंवा पांढरं बर्फासारखं काही धरलं होतं का? द्रव गॅस उडताना उष्णता ओढून घेतो, मोठी गळती असली की ती जागा गार पडते, हाताला लागते.

पिठलंप्रेमी | सोमवार, सकाळी ८.१२

काका, चाव्या दोन्ही बंद. पूर्ण आवळल्यावर पण आवाज येत होता. अजून आवळावं म्हणून पक्कड मागितली होती पण कोणाकडे नव्हती. बर्फ वगैरे काही दिसलं नाही, पण खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही, बायको कानाशी होती.

फिटरकाका | सोमवार, सकाळी ८.४०

पक्कड नव्हती हे तुमचं नशीब. हे जोड हातानेच आवळायचे असतात. आतल्या रबरी रिंगने सील होतं, ताकदीने नाही. पक्कड लावली की रिंग चेपते, पितळेचे आटे चढतात आणि मग खरोखरच नवीन आणायची वेळ येते.

कातळवाटा | सोमवार, दुपारी १.५०

माझं सेम टू सेम झालं होतं हरिश्चंद्रगडावर, डिसेंबरात. माझा छोटा एकबर्नरवाला होता तरी गोष्ट तीच, बर्नरच्या तोंडातली ओ-रिंग, म्हणजे काका म्हणतात ती रबरी रिंग, कडक होऊन तिला बारीक चिरा गेल्या होत्या. नखाने दाबली तर तुकडाच निघाला. वर्षभर माळ्यावर पडून होता, मे महिन्यात आमच्या स्लॅबखालचा माळा म्हणजे भट्टीच. गुहेत त्या रात्री आम्ही शेजारच्या नाशिकच्या ग्रुपकडून खिचडी घेतली आणि बदल्यात आमची अख्खी चिक्की गेली.

आता घरातून निघायच्या आधी अंगणात एकदा लावून बघते. तुमच्या ओ-रिंगा शेवटच्या कधी बदलल्या होत्या?

जुगाडसम्राट | सोमवार, संध्याकाळी ७.१५

एवढं काय घाबरता राव. टेफ्लॉन टेपचे दहा वेढे मारा आट्यांवर आणि आवळा. माझा तीन वर्षं तसाच चालूये. आणि ते चारशे-पाचशे रुपयांचे कॅन पण कशाला घेता, एक नळीवाला ॲडाप्टर मिळतो त्याने घरच्या सिलिंडरमधून रिकामा कॅन भरून घ्यायचा, घरचा सिलिंडर उलटा करायचा आणि कॅन आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवायचा, मस्त भरतो. काही होत नाही.

तिखट_तर्री | सोमवार, संध्याकाळी ७.१८

"काही होत नाही" हे वाक्य आतापर्यंत फक्त ज्यांना काही झालं नाही त्यांनीच सांगितलंय.

फिटरकाका | सोमवार, रात्री ९.३०

जुगाडसम्राट, वय किती माहीत नाही पण थोडं ऐका.

टेप आधी. टेफ्लॉन टेप कुठे चालते, तर जिथे आटेच सील करतात तिथे, म्हणजे निमुळते आटे, नळाच्या फिटिंगचे असतात तसे. या स्टोव्हचे आटे सरळ असतात, त्यांचं काम फक्त दोन तुकडे धरून ठेवायचं. गॅस अडवते ती आतली रिंग. सरळ आट्यावर दहा वेढे मारले की काय होतं, टेपमुळे जोड पूर्ण आत बसायच्या आधीच घट्ट लागतो, तुम्हाला वाटतं आवळला, आणि आत रिंगवर दाबच आलेला नसतो. वर टेपचा एखादा धागा सुटून जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकला तर ज्योत पिवळी होऊन भांडी काळी. तुमचा तीन वर्षं चालला कारण तुमची रिंग चांगली आहे, टेपमुळे नाही. टेप काढून बघा, तसाच चालेल.

आता कॅन भरणं. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस काढणं कायद्याने बंद आहे, २००० सालच्या एलपीजीच्या आदेशात ते स्पष्ट आहे. पण कायदा बाजूला ठेवा. सिलिंडर कधी काठोकाठ भरत नाहीत, ८०-८५ टक्क्यांपर्यंतच, कारण द्रव एलपीजी तापला की फुगतो आणि त्याला वर मोकळी जागा लागते. तुम्ही फ्रीझरमध्ये गार केलेला कॅन काट्यावर न ठेवता भरता, तो काठोकाठ भरला हे तुम्हाला कळणार कसं? मग तो सॅकमध्ये घालून सॅक गाडीच्या डिकीत आणि गाडी गुंजवण्याच्या पार्किंगला दुपारभर उन्हात. वाफेला जागा उरली नाही की द्रवच पत्र्याला ढकलतो आणि द्रव काही दबत नाही. ते पातळ कॅन एकदाच वापरायचे म्हणून बनवलेले असतात.

रसायनवाली | सोमवार, रात्री १०.०२

काकांच्या बोलण्यात एक भर घालते. हे कॅन ज्या मिश्रणासाठी बनवतात ते आणि घरचा एलपीजी एकच नव्हे. प्रोपेन उकळतो उणे ४२ अंशाला, साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास. त्यामुळे तिशीच्या हवेत शुद्ध प्रोपेनच्या टाकीत १० बारच्या आसपास दाब असतो, ब्युटेनच्या कॅनमध्ये जेमतेम ३. घरच्या सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं, म्हणजे ब्युटेनच्या पातळ पत्र्यात आपण जास्त दाबाचा गॅस कोंबतोय.

थंडीत गडावर "कॅन भरलेला आहे पण ज्योत मरतेय" हे होतं तेही यामुळेच. पहाटे हवा पाच-सात अंशांवर, त्यात जळताना कॅन आणखी गार पडतो, ब्युटेन उडायलाच तयार नसतो. तेव्हा कॅन कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवायचा. शेकोटीजवळ नाही!! हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून दोन उद्गारचिन्हं.

बाकी वासाचं, एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग मुद्दाम घालतात. त्यामुळे वास आला म्हणजे "थोडासा येतोच" असं काही नसतं.

पिठलंप्रेमी | मंगळवार, रात्री ११.४५

आज गच्चीवर टेस्ट केली. वॉचमन येऊन विचारून गेला काय चाललंय, त्याला म्हटलं बुडबुडे काढतोय, तो काही न बोलता परत गेला.

भांड्याचं लिक्विड आणि पाणी वाटीत फेटलं, मुलीचा रंगाचा ब्रश घेतला, काका म्हणाले तसं चाव्या बंद ठेवून कॅन बसवला आणि एकेका जोडावर फेस लावत गेलो. कॅन आणि ॲडाप्टरचा जोड साफ. स्टोव्हकडचा जोड साफ. चाव्या साफ. ॲडाप्टर आणि रेग्युलेटरच्या जोडावर मात्र हा एवढा मोठा फुगा, मुलगी टाळ्या वाजवत होती.

कॅन काढून रेग्युलेटरच्या तोंडात टॉर्च मारला. मधोमध ते पितळी टोक आणि त्याच्याभोवती काळं रबर. आणि मग मला आठवलं. आता शिव्या घाला. दीड वर्षापूर्वी साफ करताना त्यातली मूळची रिंग बेसिनमध्ये पडून वाहून गेली होती, तेव्हा घरात नळाचे वायसर होते त्यातला एक मापाचा बघून घातला होता. बसला होता व्यवस्थित! आता तो वायसर फुगून मऊ झालाय, कडेला भोकात घुसलाय, बोटाला काळं लागतं.

कातळवाटा | बुधवार, सकाळी ७.०५

अरे देवा. नळाचा वायसर.

तिखट_तर्री | बुधवार, सकाळी ७.२०

आणि आम्ही तीन दिवस अमेरिकेला नावं ठेवतोय.

रसायनवाली | बुधवार, सकाळी ९.१०

फुगणारच हो. पाण्याच्या फिटिंगमध्ये बऱ्याचदा ईपीडीएम किंवा साधं रबर असतं, पाण्याला ते एकदम छान. पण प्रोपेन-ब्युटेन, पेट्रोल, तेल या घराण्यातल्या गोष्टी त्या रबरात शिरतात, रबर फुगतं, मऊ पडतं आणि सुकलं की आकसतं. गॅसला नायट्राईल रबर लागतं, दुकानदार "एनबीआर" म्हणतात. दिसायला दोन्ही काळी, हाताने फरक कळत नाही, त्यामुळे पाकिटावर काय लिहिलंय ते बघूनच घ्या.

आणि फेस लावलेलं पितळ नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या. काच पुसायच्या अमोनियावाल्या लिक्विडने टेस्ट कधीच करू नका, अमोनियाने पितळेला तडे जातात.

फिटरकाका | बुधवार, सकाळी ९.४५

बरोबर. आणि काही शहाणे जोड बादलीत बुडवून बघतात, सायकलच्या ट्यूबसारखा. सुट्या ॲडाप्टरला एक वेळ चालेल, रेग्युलेटरला नाही, त्याच्या पाठीला एक बारीक भोक असतं त्यातून पाणी आत जातं. त्या भोकाबद्दल पुढे लागलं तर बोलू.

पिठलंप्रेमी, रिंगचं माप घेताना फुगलेल्या वायसरचं घेऊ नका, खोबणीचं घ्या. आतला व्यास आणि जाडी. व्हर्नियर नसेल तर रेग्युलेटरच घेऊन जा दुकानात, कॅनशिवाय.

पिठलंप्रेमी | बुधवार, सकाळी १०.०२

दुकान कुठलं? आमच्याकडे कोथरूडला हार्डवेअरवाला म्हणतो गॅसची रिंग म्हणजे घरच्या रेग्युलेटरचीच असते, दुसरी नसते.

शनिपारी | बुधवार, सकाळी १०.३०

बोहरी आळीत जा, गॅसच्या शेगड्यांचे स्पेअर विकणारे आहेत.

आटेबोल्ट | बुधवार, सकाळी ११.१२

बोहरी आळीत शेगडीचं सगळं मिळेल, पण मापाची एनबीआर ओ-रिंग पाहिजे तर नाना पेठेत जा, ऑइल सील आणि बेअरिंगवाले बसतात तिकडे, माप सांगितलं की ड्रॉवर उघडतात. गाडी नेऊ नका, बसने जा. मागच्या वेळी दहा रुपयांची रिंग आणली आणि टोइंगला त्याच्या कितीतरी पट दिले.

शनिपारी | बुधवार, सकाळी ११.१५

बोहरी आळीत पण मिळतात ओ-रिंगा. मी आणल्यात.

आटेबोल्ट | बुधवार, सकाळी ११.१७

मिळतात हो. पण मी बोलतोय मापाच्या.

पिठलंप्रेमी | गुरुवार, रात्री ९.५०

नाना पेठेत गेलो (सॉरी शनिपारी). दुकानदाराने रेग्युलेटर हातात घेतला, टॉर्च न मारता नुसतं करंगळीचं नख घातलं आणि विचारलं, "हे कुठल्या गाडीचं?" म्हटलं गाडीचं नाही, स्टोव्हचं. "गॅस का पेट्रोल?" गॅस. मग न बोलता तीन ड्रॉवर उघडले, तिसऱ्यातली बसली. म्हटलं एक द्या, तर म्हणाला, "एकाचं बिल काय करू, पाच घ्या." पन्नास रुपयांना पाच घेतल्या.

घरी येऊन खोबण कापसाने पुसली, सुई लावली नाही कारण काकांनी आधी कुठल्या तरी धाग्यात लिहिलं होतं की सुईने खोबणीला ओरखडा गेला की नवीन रिंगही गळते. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात फिरवला. हाताने बसवलं. पुन्हा फेस. जोड एकदम कोरडा ठाक!! एक बुडबुडा नाही.

पण.

रेग्युलेटरच्या त्या गोल डबीच्या पाठीला ते बारीक भोक आहे ना, ज्याच्याबद्दल काका म्हणाले होते, तिथे फेस लागला होता आणि तिथून एक बुडबुडा हळूहळू फुगतोय, फुटतोय, पुन्हा फुगतोय. वास एकदम नाकाशी नेला तरच येतो. हे नॉर्मल आहे का?

फिटरकाका | गुरुवार, रात्री १०.२०

कॅन काढा आधी आणि मग वाचा.

रेग्युलेटरच्या आत एक रबरी पडदा असतो, त्याच्या एका बाजूला गॅस आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि साधी हवा. पडदा दोघांच्या मध्ये तोल सांभाळतो, गॅसचा दाब वाढला की पडदा वर जातो आणि आतली सुई भोक बारीक करते, दाब उतरला की उलट. हवेच्या बाजूला हवा आत-बाहेर व्हायला ते भोक ठेवलेलं असतं. कॅन बसवताना पडदा हलतो तेव्हा तिथून एखादा बुडबुडा येणं चालतं, ती नुसती हवा. पण एकामागून एक येत राहिले आणि वास आला म्हणजे पडद्याला चीर आहे किंवा कडेने सुटलाय. गॅस पडदा ओलांडून हवेच्या बाजूला येतोय.

हा रिपेअरचा माल नाही. डबी दाबून बंद केलेली असते, उघडायला बनवलेलीच नाही. उघडलीत तरी तो पडदा मिळणार नाही, मिळाला तरी घरी तसा बसणार नाही. हा रेग्युलेटर संपला.

एक विचारतो, तुम्ही कॅन आडवा ठेवून वापरत होता का? मूळची टाकी त्या स्टोव्हला तिरकी लागते, तोंड वरच्या अंगाला, म्हणजे वाफच येते. ॲडाप्टर लावून आपले कॅन बरेचदा पार आडवे पडतात, तोंडापाशी द्रव येतो आणि द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. द्रवाची वाफ अडीचशे पट होते, ज्योत एकदम भडकते. पडदा त्यानेच गेला असं छातीठोक सांगत नाही, वयानेही जातात, पण त्याला ते मानवलं नसणार.

पिठलंप्रेमी | गुरुवार, रात्री १०.३४

आडवाच होता. मधेमधे भक्कन ज्योत यायची, आम्हाला वाटायचं अमेरिकन आहे, पॉवरफुल आहे.

जुगाडसम्राट | गुरुवार, रात्री १०.४०

ते भोकच एम-सीलने बुजवलं तर? बाहेर यायला जागाच नाही मग.

फिटरकाका | गुरुवार, रात्री १०.५८

तुम्ही सगळ्यात वाईट उपाय शोधलात, पण बरं झालं विचारलंत, मनात कोणाच्या तरी आलंच असणार. भोक बुजवलं की फाटलेल्या पडद्यातून येणारा गॅस हवेच्या बाजूला साठतो, दोन्हीकडचा दाब सारखा होतो, पडद्याला ढकलायला कोणी राहत नाही आणि स्प्रिंग सुई उघडी धरून बसते. म्हणजे कॅनचा पूर्ण दाब थेट बर्नरवर. आत्ता एक बुडबुडा गळतोय, तेव्हा रेग्युलेटर असून नसल्यासारखा होईल. चांगल्या रेग्युलेटरचंही ते भोक बुजू देऊ नका, माळ्यावर पडून कुंभारमाशीने माती भरलेली बघितली आहेत मी.

जुगाडसम्राट | गुरुवार, रात्री ११.०३

ओके काका. हे पटलं.

तिखट_तर्री | गुरुवार, रात्री ११.०४

या तारखेची नोंद घ्या रे कोणीतरी.

आटेबोल्ट | शुक्रवार, सकाळी ८.३०

घरचा सिलिंडरचा रेग्युलेटर वापरून चालेल का त्या स्टोव्हला? पाच किलोचा घेतला तर?

फिटरकाका | शुक्रवार, सकाळी ९.१५

नाही. घरचा रेग्युलेटर बाहेर जेमतेम ३० मिलीबार देतो, पाण्याच्या ३०० मिलिमीटर उंचीएवढा दाब, बस. आपल्या शेगडीची जेट त्या हिशोबाने मोठी असते. या कॅम्प स्टोव्हचा रेग्युलेटर बराच जास्त दाब सोडतो आणि जेट बारीक असते. घरचा लावला तर निरांजनासारखी ज्योत, चहाला तास. उलटं केलं, म्हणजे जास्त दाबाचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला, तर कढईच्या वरपर्यंत जाळ. रेग्युलेटर आणि जेट जोडीनेच येतात.

कातळवाटा | शुक्रवार, दुपारी २.२०

विषय निघालाच आहे तर एक कळकळीचं. लोणावळा लोकलने मळवलीला उतरणारे बरेच जण सॅकमध्ये कॅन घेऊन जातात, मीही कॉलेजात असताना नेलाय. रेल्वेत ज्वालाग्राही सामान न्यायला बंदी आहे, कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सकाळच्या त्या गर्दीत एखादी चावी सॅकमध्ये घासून उघडली तर उतरायलाही जागा नसते.

दुसरं, पावसाळ्यात तंबूत स्वयंपाक. गॅस हवेपेक्षा जड, प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन दुप्पट, गळाला तर तंबूच्या तळाशी साचतो, म्हणजे बरोबर जिथे आपण झोपतो तिथे. आणि गळती नसली तरी बंद तंबूत जळता स्टोव्ह म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, त्याला तर वासही नाही. डोकं जड होतं, झोप येते, वाटतं चढून दमलोय. राजगडाच्या पद्मावती माचीवर एका मुलाला आम्ही दोन्ही दंडांना धरून बाहेर काढून बसवलाय, त्याचा मित्र सांगत होता "तो तसाच झोपाळू आहे". अर्ध्या तासाने पोरगा बोलायला लागला. भिजलं तरी चालेल, स्टोव्ह बाहेर.

शनिपारी | शुक्रवार, दुपारी ३.००

कॅनच गळत असेल तर काय करायचं? म्हणजे सगळं काढून ठेवलं तरी त्याच्या तोंडातून येतोय.

फिटरकाका | शुक्रवार, संध्याकाळी ५.४०

होतं कधीकधी, कॅनच्या तोंडातल्या गॅस अडवणाऱ्या पिनमध्ये वाळूचा कण अडकतो. एकदोनदा बर्नर बसवून काढला तर बसतेही पिन, पण हे उघड्यावर, चूल-सिगरेट काही नको आसपास. नाहीच थांबलं तर कॅन उभा, माणसांपासून आणि तंबूपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला, आणि होऊ दे रिकामा. खड्ड्यात किंवा विहिरीजवळ नाही, गॅस तिथे बसून राहतो. गाडीत घालून "घरी जाऊन बघू" तर अजिबात नाही. घरच्या सिलिंडरचं असेल तर १९०६ ला फोन करा, चोवीस तास चालू असतो, तिथे शूरपणा नको.

पिठलंप्रेमी | रविवार, रात्री ९.१०

अपडेट. रेग्युलेटर गेला. भंगारवाल्याला तसाच देणार होतो पण मनात आलं, पितळ बघून त्याने कोणाला तरी विकला आणि त्या माणसाने एम-सील लावलं तर? म्हणून आधी हातोडीने आटे चेपले आणि मग दिला. भंगारवाला म्हणाला, "चांगला होता की साहेब." त्याला पडद्याची गोष्ट सांगायला गेलो, तो वजन करून निघून गेला.

मेव्हण्याचा मित्र दिवाळीला येतोय, तो त्याच मॉडेलचा नवीन रेग्युलेटर आणणार आहे, आणि ॲडाप्टर आता नळीवाला घेतोय म्हणजे कॅन जमिनीवर उभा राहील. तोपर्यंत एक साधा स्क्रूवाला बर्नर आणलाय, त्याला ना पडदा ना पाठीला भोक. आज सकाळी सिंहगडाच्या पायथ्याला त्यावर चहा केला, आधी फेस लावून बघितला, चहा व्हायला उशीर झाला आणि सातच्या सात जणांनी परत ऐकवलं.

चार ओ-रिंगा शिल्लक आहेत. कोणाचा त्या प्रकारचा स्टोव्ह असेल तर कोथरूडला येऊन घेऊन जा, फुकट.

शनिपारी | रविवार, रात्री ९.२५

माप काय आहे?

पिठलंप्रेमी | रविवार, रात्री ९.२८

विचारायचं राहिलं.

आटेबोल्ट | रविवार, रात्री ९.२९

रेग्युलेटर घेऊन जा परत दुकानात.

तिखट_तर्री | रविवार, रात्री ९.३०

भंगारवाल्याकडे आहे तो.